माचिस जप्त, पुडी माफ

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपन्यांच्या गेटवर पाळी बदलताना झडती होते. वॉचमन खिसे चाचपतो आणि माचिस, लायटर, बिडीचं बंडल काढून घेतो. पाळी सुटली की ज्याचं त्याला परत. आत टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोनची पिंपं असतात. रिॲक्टरचं झाकण उघडलं की वाफ सुटते आणि तिला एक ठिणगी पुरते. तारापूरच्या स्फोटांचे हादरे बोईसरमधल्या घरांनी अनुभवलेले आहेत, त्यामुळे ही झडती कुणाला जाचक वाटत नाही.

मी तिथल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. ज्या खिशातून माचिस निघायची, त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असायची. वॉचमनच्या हाताला ती लागायची, काय आहे ते त्याला कळायचं, आणि तो ती तशीच राहू द्यायचा. तसं मीच सांगून ठेवलं होतं. नव्याने लागलेल्या एका वॉचमनने मला विचारलं होतं, "साहेब, पुडीचं काय करायचं?" मी म्हणालो, "पुडीने आग लागत नाही. जाऊ दे."

पुढच्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांचं मूळ या उत्तरात आहे. तंबाखूकडे मी आगीचं कारण म्हणून पाहिलं, भिंतीवरचा डाग म्हणून पाहिलं, ऑडिटमधला शेरा म्हणून पाहिलं. ती ज्याच्या तोंडात होती, त्या माणसाच्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही. आणि ते पाहणं हे माझं कामच होतं. पगार त्याचाच मिळत होता.

कायद्याचं अज्ञान होतं असं म्हणायची सोय मला नाही. सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा २००३ चा कायदा माझ्या टेबलाच्या खणात होता. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले, त्यात कामाची जागाही आली. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरचा फलक प्रवेशद्वारावर हवा, असं त्यात लिहिलं होतं. मी तो फलक मापात करून घेतला, गेटवर, कॅन्टीनच्या दारावर आणि ॲडमिन इमारतीत लावला, आणि फोटो फाइलला जोडले. केमिकल कंपनीत धूम्रपान तसंही होत नव्हतं. जे होत नव्हतं त्याच्या बंदीचा फलक लावून मी मोकळा झालो.

जे होत होतं ते मळणं. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आसपास निघाले आणि तंबाखू चघळणारे, लावणारे, तोंडात धरणारे सुमारे २४ टक्के. आपल्या राज्यातली तंबाखू धुरातून कमी आणि गालातून जास्त जाते. कामाच्या जागेवरचा बंदीचा नियम मात्र फक्त धुरापुरता आहे, कारण धूर शेजारच्याच्या नाकात जातो. चघळणारा स्वतःपुरता चघळतो, असं त्यामागे गृहीत असावं. माझंही तेच गृहीत होतं.

पण फॅक्टरीचे नियम तसं म्हणत नाहीत. धोकादायक प्रक्रियांसाठीच्या नियमांत, जिथे विषारी द्रव्यं हाताळली जातात त्या खोलीत खाणं, पिणं, पान-सुपारी, तंबाखू यांना मनाई आहे. तीही सूचना मी मराठीत आणि हिंदीत रंगवून आय-वॉशच्या शेजारी लावली होती. त्या सूचनेखाली उभं राहून माणसं तंबाखू मळायची. हातमोजा काढून खिशात कोंबायचा, डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, नखाने चुना काढायचा, अंगठ्याने दाबून मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि खालचा ओठ ओढून बार भरायचा. याच हाताने पाच मिनिटांपूर्वी पंपाचा फ्लँज उघडलेला असायचा. रसायन शरीरात श्वासाने जातं, कातडीतून जातं आणि तोंडातून जातं, हे मी दर महिन्याच्या ट्रेनिंगमध्ये खडूने लिहून शिकवत होतो. शिकवून झालं की बाहेर येऊन समोरच्याचा तळवा बघत होतो आणि बोलत नव्हतो.

न बोलण्याचं कारण रात्रपाळी. पहाटे तीन ते पाच ही वेळ माझ्या सगळ्यात काळजीची. रिॲक्टरचं तापमान वाढायला लागलं आणि ऑपरेटरला डुलकी लागलेली असली तर काय होईल, या विचाराने मला घरीही झोप लागायची नाही. तंबाखूचा बार भरलेला माणूस जागा राहतो, असं सगळे म्हणायचे आणि मला ते सोयीचं होतं. बारा बारा तासांची ड्यूटी, बदली माणूस आला नाही तर तीच पुढे ताणलेली. माणसं वाढवून मागायची तर मॅनेजमेंटशी भांडावं लागलं असतं. पुडीमुळे ते भांडण टळत होतं.

वार्षिक शटडाउनच्या काळात तर मी याहून पुढे गेलो. प्लांट बंद ठेवून पाइप, व्हॉल्व्ह, गास्केट बदलायचे, आठ-दहा दिवसांत सगळं उरकायचं, त्यामुळे ठेकेदाराची माणसं रात्रंदिवस जुंपलेली असायची. चहाच्या किटलीबरोबर गुटख्याच्या पुड्यांची माळ यायची. ठेकेदार तो खर्च "चहा-नाश्ता" या नावाने लावायचा आणि त्या व्हाउचरवर माझी सही असायची. २० जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, त्यानंतरच्या शटडाउनलासुद्धा मी तशी सही केली आहे. बंदी असलेला माल माझ्या सहीने, आमच्या कंपनीच्या पैशाने, आमच्या फाटकातून आत आला. तेव्हा मला त्यात गुन्हा दिसला नाही, शटडाउन वेळेत उरकतंय एवढंच दिसलं.

त्या बंदीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याबद्दलची माझी समजूतही चुकीची होती. राज्याने २००२ मध्ये एकदा गुटख्यावर बंदी घातली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत, कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. त्याच्या आधारावर २०१२ ची बंदी उभी राहिली, आणि ती वर्षावर्षाने नव्याने काढली जाते. मी पेपरात बातमी वाचली आणि मनाशी म्हणालो, आता हा विषय सरकारचा. अन्न व औषध प्रशासन बघेल, पोलीस बघतील.

आमचा पालघर जिल्हा महामार्गावरचा. तलासरी, कासा, मनोर या पट्ट्यात गुटख्याचे टेम्पो पकडल्याच्या बातम्या आम्ही इतक्या वेळा वाचल्या की त्यांचं कुणाला काही वाटेनासं झालं. एक टेम्पो पकडला म्हणजे बाकीचे गेले, हे शेंबडं पोरही सांगेल. माल कुणासाठी येतो, तो विचार मी करत नव्हतो. तो आमच्यासारख्यांच्या गेटबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी येत होता. गुटख्याची पुडी टपरीच्या दर्शनी भागातून आतल्या डब्यात गेली आणि महाग झाली. काही ठिकाणी एकाच्या दोन पुड्या झाल्या. एकीत सुपारीचा मसाला, दुसरीत नुसती तंबाखू, दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करायच्या की झाला गुटखा. हे मी डोळ्यांनी पाहत होतो.

आता ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो फिटर. ठेकेदाराकडचा माणूस, पण कामाला इतका तयार की आमचे कायमचे फिटरसुद्धा अडलं की त्याला हाक मारायचे. नाव लिहीत नाही. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरून आलेला, बायको-मुलांना घेऊन सरावलीत भाड्याने राहायचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही कधीकधी एका बाकावर जेवायला बसायचो. सुरुवातीला त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची लालभडक चटणी असायची, मला तो त्यातली आग्रहाने द्यायचा. मग एका वर्षी चटणी दिसेना. भाकरी पातळ डाळीत कुस्करून, मऊ करून खायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तिखट झोंबतं हो साहेब, तोंड जळतं." मी त्याला पित्त झालं असेल म्हणालो आणि फर्स्ट-एडच्या पेटीतून ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पुढे महिनोन्महिने तो त्या गोळ्या मागून न्यायचा. नोंदवहीत माझ्या हाताने लिहिलेलं आहे: ॲसिडिटी, गोळी दिली.

तिखट सोसेनासं होणं, गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होणं, मग हळूहळू तोंड कमी उघडायला लागणं, या सबम्युकस फायब्रोसिसच्या चढत्या पायऱ्या आहेत. कर्करोगाच्या आधीची अवस्था. ती मुख्यतः सुपारीने होते. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. त्यामुळे "यात तंबाखू नाही" असं छापलेल्या पुडीला निर्धोक समजणं ही फसगत आहे. तपासायला यंत्र लागत नाही. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का ते बघायचं. जात नसतील तर डॉक्टरकडे जायचं. सेफ्टीचा डिप्लोमा करूनही मला हे ठाऊक नव्हतं.

आणि ज्या दिवशी ते कळायची संधी आली, तो दिवस मी दवडला. ३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. एका दंतमहाविद्यालयाची मुलंमुली टॉर्च आणि लाकडी पट्ट्या घेऊन तपासणीला आली होती. मी तो कार्यक्रम घडवून आणला होता तो मुख्यतः वार्षिक अहवालात घालण्यासाठी. वेळ दोन तासांची, म्हणून मी यादी फक्त कंपनीच्या हजेरीपटावरच्या माणसांची केली. ठेकेदाराची माणसं तिप्पट होती, ती घेतली असती तर दिवस गेला असता आणि प्लांटवर माणूस उरला नसता. फिटर दाराशी येऊन उभा राहिला. "साहेब, मीपण दाखवून घेऊ का?" मी म्हणालो, "तुमचं नंतर करू, आता वरच्या मजल्यावरचा पंप बघ." तो गेला. नंतर कधीच केलं नाही.

सुमारे दीड वर्षाने तो कामावर यायचा थांबला. ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला. गालाला आतून जखम झाली होती, ती बरी होईना म्हणून आधी गावच्या वैदूकडे, मग बोईसरच्या एका दवाखान्यात, मग पालघरला, असा फिरून तो परळच्या टाटा रुग्णालयात पोचला. पहाटेची गाडी धरून दादर आणि तिथून पुढे परळ, अशा फेऱ्या. एकदा मी बरोबर गेलो. टाटाच्या त्या फूटपाथवर पालघर, जळगाव, बिहार, ओडिशा सगळीकडची माणसं गाठोडी घेऊन बसलेली. त्यातल्या कितीतरी जणांचे जबडे पट्ट्यांनी बांधलेले. यातला प्रत्येक जण कुठे ना कुठे कामाला असणार, आणि त्याच्या कामाच्या जागी माझ्यासारखा कुणीतरी नेमलेला असणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

फिटरचा जबड्याचा एक भाग आणि गाल काढावा लागला, छातीवरची कातडी तिथे लावली, वर किरणोपचार. जगला. पण बोलणं अस्पष्ट झालं आणि काम सुटलं. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो खाटेवर बसून होता, बोलणं बायकोनेच केलं. तिने मला दोष दिला नाही. चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "तुम्ही एकदा बोलला असतात ना साहेब, तर ऐकलं असतं यांनी. तुमचा शब्द मोडायचे नाहीत ते. माचिस कधी नेली नाही त्यांनी आत." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तिचं म्हणणं खरं होतं. त्याच्या सगळ्या नोकरीत माचिसची एक नोंद त्याच्या नावावर नाही. नियम सांगितला तर तो पाळणारा माणूस होता. मी त्याला तंबाखूचा नियम भिंतीवर रंगवून दाखवला आणि तोंडाने कधी सांगितला नाही.

थुंकण्याबद्दल मात्र मी भरपूर बोलायचो. जिन्याच्या कोपऱ्यांत पिचकाऱ्या, वाळूच्या लाल बादल्यांत पिचकाऱ्या. आग विझवायची वाळू लाल चिखल झालेली पाहून मी एकदा अख्ख्या पाळीला उभं करून झापलं होतं आणि दंडही लावला होता. परदेशी ग्राहकाचं ऑडिट तोंडावर होतं. सगळ्यांनी मान खाली घातली. आज आठवतं की त्या झापण्यात तोंडाच्या कर्करोगाचा एक शब्दही नव्हता. वाळू खराब झाली म्हणून मी संतापलो होतो.

घरचीही एक गोष्ट आहे. आम्ही मूळचे केळवे-माहीमकडचे. आई मशेरी लावायची, तिची आई लावायची. दर पंधरवड्याला अंगणातल्या चुलीवर लोखंडी तवा चढायचा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, सगळ्यांना ठसका लागायचा, मग ती कुस्करून पत्र्याच्या डबीत. सकाळी एकदा बोटाने दातांना लावायची म्हणून सुरुवात, आणि म्हातारपणी दिवसातून पाच-सहा वेळा, काम नसलं की डबी हातात. ती पानं मीच पालघरच्या बाजारातून आणून द्यायचो. वर्तमानपत्रात बांधलेली सुटी तंबाखू. पाकीट नाही, त्यामुळे २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलं जाणारं ते चित्रही नाही. २००३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तंबाखू असलेली दातांची पावडर नावानिशी आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर तर केंद्राने १९९२ मध्येच बंदी घातली होती. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कुठला निरीक्षक येणार? तिथे मीच होतो, आणि मी पानं आणून देत होतो. आईच्या हिरड्या पार खाली गेल्या, दात लवकर पडले, कर्करोग झाला नाही. झाला नाही म्हणून मी तिच्या बाबतीत बरोबर ठरत नाही.

आमच्या पॅकिंग विभागातल्या बायकाही मशेरी लावायच्या, सकाळी बेसिनपाशी. बेसिन काळं होतं म्हणून मी त्यांना "घरून लावून या" अशी सूचना दिली होती. त्यात दोघी गरोदर होत्या. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं जन्मताना कमी वजनाची असतात, हे मुंबईतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासातून २००४ मध्ये पुढे आलं होतं, आणि त्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या. कुपोषणाची इतकी चर्चा होणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझी सूचना बेसिनच्या भल्यासाठी होती.

१६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. पाटील, म्हणजे आबा, गेले तेव्हा कॅन्टीनमध्ये शांतता होती. २०१२ ला गुटखाबंदी आली तेव्हा ते राज्याचे गृहमंत्री होते, आणि तोंडाच्या कर्करोगाने गेले. आबांची तंबाखूची सवय सगळ्यांना माहीत होती. शरद पवारही स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल उघडपणे बोलत आले आहेत. त्या दिवशी चार-पाच जणांनी माझ्यासमोर पुड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मला बरं वाटलं आणि मी कामाला लागलो. त्या दिवशी त्यांना धरून बसायला हवं होतं. सोडायची इच्छा झालेल्या माणसाला पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते, आणि त्या दिवसांत कुणीतरी सोबत लागतं. केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली, १८००-११-२३५६, आणि सप्टेंबर २०१८ पासून तो क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापला जातो. मी स्वतः तंबाखू खात नसल्याने पाकीट कधी हातात घेऊन वाचलंच नाही. तो क्रमांक मी पहिल्यांदा वाचला तो फिटरच्या खाटेखाली पडलेल्या जुन्या पुडीवर. आबांच्या त्या आठवड्यात पुड्या टाकलेले सगळे जण महिन्याभरात परत बार भरत होते.

आता टपरी. या चुकीला माझ्या सहीचा कागद आहे.

गेटजवळ, कंपनीच्या कुंपणाला लागून, एका मावशींची टपरी होती. त्यांचा नवरा आमच्याकडे कामाला होता, तो वारल्यावर आम्ही काही जणांनी मिळून ती टपरी उभी करून दिली होती. वर पुड्यांच्या माळा, खाली बरण्यांत लिमलेटच्या गोळ्या आणि चॉकलेट, मधल्या फळीवर सुटी सिगारेट. पुढे तिथे शाळा झाली. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीकडे तक्रार केली. टपरी कुंपणाला लागून असल्यामुळे पंचायतीने आम्हाला अंतर विचारलं. मी टेप घेऊन दोन हेल्परांबरोबर मोजायला गेलो. शाळेच्या फाटकापासून रस्त्याने निघालो, नाल्याला वळसा घालून, छोट्या पुलावरून टपरीपर्यंत. एकशे बारा मीटर भरले. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर. लेटरहेडवर तसं लिहून दिलं आणि टपरी राहिली.

मुख्याध्यापक मला भेटायला आले होते. म्हणाले, "साहेब, सरळ मोजा ना." मी म्हणालो, "नाल्यावरून कोण चालत येतंय सर?" पोरं यायची. नाल्यावरून पाण्याचा जाड पाइप गेला होता, मधल्या सुट्टीत पोरं त्यावरून तोल सांभाळत टपरीवर यायची, गोळ्या घ्यायला. मी ऑफिसच्या खिडकीतून ते कितीदा पाहिलं होतं. नियम काय आहे ते मी नंतर, निवृत्तीच्या सुमाराला नीट वाचलं. अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ, चहूबाजूंना त्रिज्येने मोजायचं असतं, रस्त्याने नव्हे. सरळ रेषेत ते साठ मीटरही नव्हतं. मावशींची दया आली म्हणून मी वळशाने मोजलं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. पण त्या टपरीवर आमच्या माणसांना पुड्या मिळत होत्या आणि आमची रात्रपाळी चालत होती, हेही तितकंच खरं.

अशा विक्रीला २००३ च्या कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. पुड्यांची एक माळ विकली तरी निघून येईल इतका. लहान मुलाच्या हाती तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो आमच्या गल्लीत कुणाला लागल्याचं मी ऐकलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी केली, तीही त्या फळीवर दिसली नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं होतं की तंबाखू विकणाऱ्याला परवाना घ्यायला लावा आणि त्याला बिस्किटं-चॉकलेटं विकू देऊ नका. मला यात सगळ्यात जास्त अर्थ वाटतो. पोरं पाइपावरून तंबाखूसाठी येत नव्हती, गोळ्यांसाठी येत होती. तंबाखू ती रोज बघत होती एवढंच, आणि चार वर्षांनी त्यातलीच काही मोठी होऊन आमच्या गेटवर रांगेत उभी राहणार होती.

निवृत्त झाल्यावर मी ग्रामपंचायतीला माझ्या नावाने पत्र दिलं की मागचं मोजमाप चुकीचं होतं, ते मी केलं होतं, आणि नियमाप्रमाणे अंतर शंभर यार्डांच्या आत भरतं. आधी मावशींकडे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच उभी करून दिलीत ना मला ही? मग मी काय विकू आता? दिवसाचं जे सुटतं त्यात निम्मं पुड्यांचं आहे." मी भाजी, वडापाव, चहा अशी नावं घेत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं. त्या माझ्याशी आता फारशा बोलत नाहीत आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

टपरी हलली. शाळेपासून दूर, कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथे कंपनीचं मागचं गेट आहे, ठेकेदाराच्या माणसांसाठीचं. शाळेभोवती शंभर यार्डांची रेषा आहे, कारखान्याभोवती कुठलीच रेषा नाही, त्यामुळे आता अंतराच्या नियमाने त्या टपरीला कुणी हात लावू शकत नाही. त्या गेटातून आत जाणारी पोरं कागदावर अठरा पूर्ण केलेली असतात. माझ्या जागी आलेल्या सेफ्टी ऑफिसरकडे मी तीनदा जाऊन आलो आहे, झडतीच्या यादीत तंबाखू आणि सुपारी घाला आणि सहामाही तपासणीत ठेकेदाराच्या माणसांचीही तोंडं टॉर्चने बघा, एवढं सांगायला. तोंडं बघायचं त्याने मान्य केलं आहे. झडतीबद्दल तो म्हणतो, रात्रपाळीला माणसं वाढवून मिळाली तर करतो. ती मागणी आम्ही दोघांनी मिळून लिहिली आहे आणि ती मॅनेजमेंटकडे आहे.